एप्रिलअखेर सोलापूरहून एकट्याने २०० किलोमीटर ग्रॅव्हल सायकल: पाणी, टायर आणि निघण्याची वेळ

सीनाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी जुळे सोलापूर भागात राहतो, वय ४३, नोकरी बैठी. सात वर्षे रोडबाइक चालवल्यानंतर गेल्या दिवाळीत ग्रॅव्हल सायकल, म्हणजे मुरूम-खडीच्या कच्च्या वाटांसाठीची सायकल घेतली. ७०० बाय ४० चे ट्यूबलेस टायर आणि डिस्क ब्रेक आहेत. जानेवारीत २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांची मुदत असताना पावणेअकरा तासांत पूर्ण केली, त्यामुळे अंतराची धास्ती आता वाटत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सलग सुट्टी मिळते आहे. त्यात सोलापूर, वडकबाळचा पूल, मंद्रूप, हत्तरसंग कुडल, परत मंद्रूपवरून कामती-बेगमपूर, माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर आणि मोहोळमार्गे घर अशी फेरी एकट्याने, एका दिवसात आणि डांबर शक्य तेवढे टाळून करण्याचा विचार आहे. अंतर २०० च्या थोडे पुढे जाईल. कुडलच्या मंदिरातील शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख शाळेत असताना पुस्तकात वाचला होता. घरापासून दीड तासावर राहूनही अद्याप पाहिलेला नाही, ही खंतही त्या निमित्ताने मिटेल.

माझे प्रश्न तीन आहेत. किती लिटर पाणी सोबत ठेवावे? बाभळीच्या काट्यांसाठी टायरमध्ये सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) किती भरावे? आणि पहाटे पाचला निघालो तर पुरेसे लवकर होईल का?

तयारीची कल्पना यावी म्हणून सांगतो. गेल्या रविवारी अक्कलकोटच्या बाजूला १०५ किलोमीटर केले, साडेतीन लिटर पाणी प्यालो आणि साडेबाराला परतलो. शेवटचे २० किलोमीटर जरा जड गेले, ऐन उन्हात अंगावर शहारा आल्यासारखे वाटले, आणि वळसंगजवळ ज्या फाट्यावरून मी गेली कित्येक वर्षे वळतो तो फाटा बोलता बोलता मागे टाकून दोन किलोमीटर पुढे गेलो. नंतर एका रसवंतीवर बसून दोन ग्लास उसाचा रस घेतला आणि तरतरी आली. म्हणजे शरीर तयार आहे. अडचण केवळ नियोजनाची आहे.

मुरूमवाट

सीनाकाठ, मार्ग सुरेख आहे, पण तुम्ही तो किलोमीटरमध्ये आखला आहे आणि एप्रिलअखेरच्या सोलापुरात तो घड्याळावर आखावा लागतो. म्हणून तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेतो.

त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य साधारण सहाला उगवतो आणि पावणेसातला मावळतो. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून आपण बरेच पश्चिमेला असल्यामुळे माध्यान्ह बाराला न होता साडेबाराच्या आसपास होते, आणि हवा सर्वांत जास्त तापते ती त्यानंतर, तीन ते चारच्या सुमारास. दुपार टळली असे समजून तीनला पुन्हा सायकलवर बसणारा माणूस नेमका दिवसातला सर्वांत वाईट तास निवडतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात शून्य सावलीचा दिवस येतो. एप्रिल संपतानाही सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो, त्यामुळे रस्त्याकडेच्या कडुनिंबाची सावली बुंध्याभोवती गोळा होते आणि रस्त्यावर तिचा उपयोग राहत नाही. पाचला निघून, थांबे धरून ताशी १६-१७ किलोमीटरच्या वेगाने गेलात, तर दुपारी तुम्ही मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या मोकळ्या रानात असाल. तिथली काळी जमीन मालदांडी ज्वारीला मानवते, सायकलस्वाराला मुळीच नाही. पीक केव्हाच निघालेले असते आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत आडोसा मिळत नाही.

माझा सल्ला असा की फेरी उलटी करावी आणि तिचे दोन तुकडे करावेत. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला निघून डांबरी रस्त्याने मोहोळमार्गे पंढरपूर गाठावे. हे सुमारे ७२ किलोमीटर होते. मोहोळपर्यंत महामार्गाला कडेची पट्टी रुंद आहे, मात्र मागचा लाल दिवा आणि चमकणारे जाकीट यांवाचून त्या रस्त्यावर अंधारात जाऊ नये. रात्री दहापर्यंत पंढरपुरात पोहोचून चार तास तरी आडवे व्हावे आणि रविवारी पहाटे तीनला निघावे. उजाडण्यापूर्वी माचणूर येते, भीमेच्या काठावरच्या सिद्धेश्वराच्या घाटावर सूर्योदय पाहता येतो, आणि मुरमाचा सगळा भाग सकाळच्या उजेडात व गारव्यात पार पडतो. मंद्रूपला सकाळी आठच्या आत पोहोचलात तर कुडलला जावे, आठ वाजून गेले असतील तर सरळ घर गाठावे. तिथून सोलापूर जेमतेम २२ किलोमीटर आहे. हजार वर्षे थांबलेला शिलालेख आणखी एक रविवार थांबेल.

हा आठचा आकडा आत्ताच, पंख्याखाली बसून ठरवा आणि हँडलला चिकटपट्टीवर लिहून लावा. मंद्रूपला सव्वाआठला पोहोचलेला, सकाळभरात साठ-सत्तर किलोमीटर केलेला माणूस ‘पंधरा मिनिटांनी काय होते’ असेच म्हणतो. सोबत कोणी असेल तर तो दटावतो; एकट्याला दटावायला चिकटपट्टीच असते.

पाण्याविषयी कोणाचाही आकडा उसना घेऊ नका, आपला घाम आपणच मोजा. निघण्यापूर्वी कपडे काढून वजन करावे, परतल्यावर अंग पुसून पुन्हा करावे. उदाहरणार्थ, वजन ७२.४ वरून ७०.९ वर आले आणि अडीच तासांत दोन लिटर पाणी प्यालेले असेल, तर साडेतीन लिटर घाम गेला, म्हणजे तासाला १.४ लिटर. आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की घाम दिसण्यापूर्वीच उडतो आणि कपड्यावर मिठाची पांढरी रेघ तेवढी राहते; म्हणून ‘मला फारसा घाम येत नाही’ या समजुतीवर विसंबू नये. याच वेगाने तुमची मूळ अकरा-बारा तासांची फेरी १५ लिटरांच्या पुढे जाते. तेवढे पाणी सायकलवर वाहता येत नाही, आणि पोटही तासाला साधारण एका लिटरपेक्षा फार जास्त सोसत नाही. तूट भरून काढण्याचा मार्ग म्हणजे थंड वेळ निवडणे. पहाटेच्या फेरीसाठी चौकटीत दोन बाटल्या आणि पाठीवर दोन लिटरची पिशवी पुरते, फक्त प्रत्येक गावात ती पुन्हा भरून घ्यावी. बाटलीवर जुना सुती मोजा चढवून तो ओला ठेवावा. माठाचे तत्त्व चालत्या सायकलवर अधिकच चांगले लागू पडते.

सीलंटबाबत: ४० च्या टायरला साधारण ६० मिलिलिटर भरतात, पण आपल्याकडे प्रमाणापेक्षा तारीख महत्त्वाची ठरते. मी एका वर्षी फेब्रुवारीत भरलेल्या सीलंटवर मे महिन्यात निश्चिंतपणे बाहेर पडलो होतो. बार्शी रस्त्याला नान्नजच्या अलीकडे सराट्याचे काटे लागले, चाक फुसफुसत बसले, आणि टायर उघडून पाहतो तर आत द्रव असा उरलाच नव्हता, सायीसारखा पापुद्रा तेवढा धरला होता. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी ते तपासावेच. शिवाय एक ट्यूब आणि पंप सोबत असू द्या. आणि ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवून राहिलेले काटे काढा, नाहीतर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते. पहाटे गारव्यात हवा भरताना ती किंचित कमी ठेवावी, कारण तापलेल्या रस्त्यावर दाब आपोआप वाढतो.

औजबंधारा

मी भीमेकाठचा शेतकरी आहे, सायकल शाळेत असताना चालवली तेवढीच. या मंडळींचे दिवे पहाटे आमच्या बांधावरून जाताना दिसतात म्हणून लिहितो आहे.

नकाशात जी वाट कालव्याच्या कडेने सरळ दिसते, ती प्रत्यक्षात तशी असेलच असे समजू नये. मुरूम टाकलेली वाट चांगली असते. खडीकरण होऊन डांबराविना पडून राहिलेला रस्ता तुमच्या चाकाला सर्वांत वाईट. आणि काळ्या मातीची पाणंद कोरडी असेपर्यंत गालिच्यासारखी लागते. परंतु एप्रिल-मे हे वळवाचे दिवस आहेत. दुपारी आभाळ भरून येते, अर्धा तास पाऊस पडतो, आणि त्या पाणंदीत बैलगाडीसुद्धा रुतते. तुमच्या सायकलीच्या चिमट्यात आणि ब्रेकमध्ये ती माती अशी बसते की चाक फिरतच नाही. सायकल खांद्यावर घेण्याची वेळ आलेले दोघे जण मी स्वतः पाहिले आहेत. आदल्या संध्याकाळी वळीव झाला असेल तर बेगमपूर ते मंद्रूप डांबर सोडू नका. विजा चमकत असतील तर एकट्या झाडाखाली थांबू नका, हे वेगळे सांगायला नको, पण दरवर्षी सांगावे लागते.

उन्हाळी आवर्तन चालू असेल तर उजनीच्या कालव्याला आणि फाट्यांना पाणी दिसेल. ते पाहून मोह होतो. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या उतारावर शेवाळ असते, पाय घसरला की एकट्याला बाहेर येता येत नाही. बाटली भरायलाही खाली उतरू नये. त्यापेक्षा वस्तीवर हाक द्यावी. पाणी मागायला आलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही, आणि मोटार चालू असेल तर डोक्यावरून पाण्याची धारही मिळते. मेंढरांचा कळप दिसला तर सायकलवरून उतरून, सायकल मध्ये धरून चालत जावे. राखणदार कुत्री पळत्या सायकलीवरच येतात.

खाण्याचे म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यावी, दोन दिवस काही होत नाही. मात्र कोरडी भाकरी उन्हात घशाखाली उतरत नाही, ती ताकात चुरून खायची असते. ताक मंद्रूपला मिळेल.

ओपीडीनंतर

वरचे सर्व सल्ले चांगले आहेत, परंतु मूळ प्रश्नातील शेवटच्या परिच्छेदाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मी डॉक्टर आहे आणि मला तोच परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सीनाकाठ, ऐन उन्हात अंगावर शहारा येणे आणि कित्येक वर्षांच्या ओळखीचा फाटा चुकणे या दोन गोष्टी तुम्ही शरीर तयार असल्याचा पुरावा म्हणून लिहिल्या आहेत. मी त्या नेमक्या उलट्या वाचते. शहारा, डोकेदुखी, मळमळ आणि अचानक आलेला थकवा ही उष्णतेने शरीर खचू लागल्याची लक्षणे आहेत. त्यात गोंधळ मिसळला, म्हणजे दिशा चुकणे, बोलणे विसंगत होणे किंवा उगीच चिडणे सुरू झाले, की आपण उष्माघाताच्या उंबरठ्यावर असतो. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूच्या कामात बिघाड, अशी उष्माघाताची ओळख आहे. घाम थांबणे हे त्याचे लक्षण म्हणून सर्वत्र सांगितले जाते, पण मेहनत करताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असतानाही माणूस कोसळू शकतो. तुम्ही त्या दिवशी थांबलात, सावलीत बसलात आणि बरे वाटले, हे चांगलेच झाले. पण तुम्ही थकलात म्हणून थांबला होतात. फाटा चुकल्याचे तुम्हाला त्या वेळी काहीच वाटले नव्हते, आणि एकट्याने जाण्यातला खरा धोका मला तिथे दिसतो. ज्या मेंदूने ‘आता पुरे’ म्हणायचे, तोच आधी मंदावतो. म्हणून मुरूमवाट यांची चिकटपट्टी मला वैद्यकीयदृष्ट्याही योग्य वाटते, आणि तिच्यावर मी एक ओळ वाढवीन: ‘शहारा आला किंवा वाट चुकली, तर पुढे जाणे बंद.’

कारण थोडक्यात सांगते. पेडल मारताना स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो, बाकीची सगळी उष्णता होते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा ४१ अंशांची झाली की वारा अंगातली उष्णता नेण्याऐवजी आपली उष्णता अंगाला देतो, आणि मग घाम उडण्याचा एकच मार्ग उरतो. घाम उडायला वारा लागतो. पाठीमागचा वारा सायकलच्याच वेगाने वाहत असेल तर तुमच्या अंगाला वारा लागतच नाही. समोरच्या वाऱ्याला सगळे शिव्या देतात, पण उन्हात तोच थोडाफार वाचवतो. तुमची परतीची वाट पूर्वेकडे आहे. सकाळी उशिरा पश्चिमेचा वारा सुटला तर वेग वाढेल आणि अंगही तापेल, हे लक्षात असू द्या. शहरात हिंडताना मिरवायचा तंग जर्सीचा पोशाख त्या दिवशी घरी ठेवून पांढरा, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा आणि तो गावागावात भिजवून घ्यावा; आपल्या कोरड्या हवेत ओला सदरा घामाचे काम करतो आणि तेवढे शरीरातले पाणी वाचते.

साधे पाणी भरमसाट पिऊ नये. घामातून मीठही जाते. त्याची भरपाई न करता पाण्यावर पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरते, आणि त्याची सुरुवातही मळमळ व गोंधळ अशीच होते. परतल्यावर वजन निघतानापेक्षा वाढलेले असेल तर पाणी जास्त झाले असे समजावे. दोन टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यातच घालावी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ती सर्रास ओतली जाते, आणि मग तहान वाढते, पोटही बिघडते. उसाच्या रसात साखर भरपूर असते, मीठ जवळजवळ नसते. लिंबू आणि काळे मीठ घालून घ्यावा.

डोके दुखते म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊन पुढे जाणे फार वाईट, कारण पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडावर ती आघात करते. पॅरासिटामॉलने उष्माघाताचे तापमान उतरत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा सर्दीसाठी झोप आणणारी गोळी चालू असेल, तर ही फेरी करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. रोज तासभर सकाळी नऊनंतरच्या उन्हात सावकाश चालवावे, एकाच रविवारी १०५ किलोमीटर करून ती सवय होत नाही. आणि कोणी वाटेत गोंधळलेल्या अवस्थेत सापडलाच, तर १०८ ला फोन करावा, पण गाडीची वाट पाहत बसू नये. आधी गार करावे: विहिरीवरच्या हौदात गळ्यापर्यंत बसवावे आणि डोके हाताने वर धरून ठेवावे, नाहीतर मोटारीच्या धारेखाली धरून जोरात वारा घालावा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले, तर पुढचे बरेचसे टळते.

सीनाकाठ

सर्वांचे आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून प्रथम राग आला, हे कबूल करतो. नंतर मी त्या रविवारची नोंद उघडून पाहिली. फाटा चुकल्यावर मी दोन किलोमीटर पुढे गेलो असे लिहिले होते, प्रत्यक्षात ते पावणेचार निघाले, आणि मध्ये सहा मिनिटे मी एका जागी उभा होतो. त्या सहा मिनिटांत मी काय करत होतो ते मला आठवत नाही.

फेरी उलटी करून दोन तुकड्यांत करीन, आणि तीही दोन आठवडे रोजची सवय करून झाल्यावर. एक शंका राहते. चैत्री एकादशी त्या सुमारास येत असेल, तर पंढरपुरात रात्री जागा मिळेल का? आणि घरच्यांना कळत राहावे यासाठी फोन हँडलवर लावून ठेवणे योग्य ठरेल का?

मुरूमवाट

चैत्री वारीच्या दोन दिवस आधी आणि नंतर जाऊ नका; रस्त्यावर पाणपोया भरपूर असतात, पण मुक्कामाला जागा आणि सायकलला मोकळा रस्ता दोन्ही मिळत नाहीत. फोन हँडलवर लावू नका, उन्हात तो तापून बंद पडतो आणि नेमका नको तेव्हा पडतो. नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि फोन पाठपिशवीत, कपड्यात गुंडाळून ठेवावा. घरच्यांशी वेळा ठरवाव्यात: माचणूर, बेगमपूर, मंद्रूप, कुडल, घर. ठरलेल्या वेळेनंतर पाऊण तास निरोप आला नाही तर त्यांनी कोणाला फोन करायचा, हेही लिहून द्यावे.

औजबंधारा

मंद्रूपला याल तेव्हा तिथल्या चहाच्या टपरीवर वेळ विचारून घ्या. आठ वाजून गेले असतील तर टपरीवालाच तुम्हाला सोलापूरचा रस्ता दाखवील. मी त्याला सांगून ठेवतो.